ढिगाऱ्याची जागा

रात्री साडेनऊला दवाखान्याची पाटी उलटी करते
आणि त्याच खुर्चीच्या दिव्याखाली
घर बांधायला घेते.
तळहाताएवढं, दुमजली, छप्पर उचलून निघेल असं,
कारण रविवारी त्यात सैनिक शिरणार आहेत,
करंगळीच्या दीड पेराएवढे.

साहित्य इथलंच. दातांचे साचे ओतायचं पिवळं प्लास्टर,
वाळवलेला चहाचा चोथा, तो अंगणात,
आणि भदौरियांकडची जाड लग्नपत्रिका, तिची दारं.
(गणपती आतल्या बाजूला गेला. मुद्दाम नाही.)
मेण कोरायच्या हत्यारानं
दगडादगडातली रेघ ओढते.
हात हलत नाही. वीस वर्षं
माणसांच्या तोंडात वावरून
त्याला अडचणीच्या जागांची सवय आहे.

आमच्या भागाचं नावच लश्कर.
कुणी कधी तंबू ठोकले, उपटायचे राहून गेले,
तंबूंची दुकानं झाली, दुकानांवर मजले चढले.
पलीकडे कंपू, अलीकडे छावणी.
"डॉक्टरबाई, तुम्ही आणि लढाईचे खेळ?"
असं कुणी विचारलं
की मी फक्त पत्ता सांगते.

कढोरीलाल मिस्त्री खालच्या कवळीचं माप द्यायला आले.
उमर खाणीत गेली, जाळ्या कोरण्यात गेली.
तोंडात साच्याचा ट्रे, बोलता येईना,
पण डोळे खिडकीतल्या माझ्या भिंतीवर.
ट्रे काढल्याबरोबर म्हणाले,
"मैडम, ये दीवार फटेगी. जोड़ के नीचे जोड़ है."
पाहिलं तर खरंच.
चार थर, सांध्याखाली सांधा, सरळ रेघेत.
त्या रात्री भिंत मोडून पुन्हा ओतली.

मग रंग. आधी सगळं काळं.
त्यावर गेरूसारखा, त्यावर फिका, जवळजवळ कोरड्या ब्रशनं:
उंचवटे रंग घेतात,
खाचा आपला काळोख सोडत नाहीत.
पन्हळीखाली शेवाळ, चुलीमागे काजळी.
दिवसा खोटा दात किंचित पिवळा करते, खरा वाटावा म्हणून;
हे तेच काम.
ऐंशी वर्षं रंगवायला एक संध्याकाळ पुरते.

नियमपुस्तकात आहे:
तोफ लागली, फाशावर सहा पडले,
तर घर उचला
आणि तिथं तेवढ्याच मापाचा ढिगारा ठेवा.
म्हणून दर घरासोबत त्याचा ढिगारा करते मी.
तेच प्लास्टर, त्याच निळ्या दाराची अर्धी फळी.
एका दिवशी ओतले
तरी ढिगारा आधी वाळतो.

या घराचा केला नाही.
वेळ नव्हता म्हणते. कुणाच्या अक्कलदाढा, कुणाचं रूट कॅनाल.
पण वेळ होता;
वेळ होता म्हणून तर आतल्या फळीवर
मोहरीच्या दाण्यांचे सात डबे मांडले,
जे टेबलावरून कुणालाच दिसत नाहीत.

रविवारी मोरारहून सौमित्र आला. तोफा त्याच्या.
चौथ्या डावात सहा.
"ढिगारा?"
"नाही केला."
तो कुरकुरला. मग घर दोन्ही हातांनी उचलून
बाजूला ठेवलं,
आणि रिकाम्या चौकोनात स्वतःचा चष्मा.
त्याचं पायदळ चष्म्याला वळसा घालून आलं.
मी हरले. त्यालाही नीट दिसत नव्हतं,
तरी हरले.

सोमवारी कढोरीलाल. नवी कवळी टोचत होती.
ती घासून होईतो त्यांनी
दोन बोटांनी छप्पर उचललं, आत वाकले,
बराच वेळ.
रिकाम्या हिरड्यांनी काहीतरी पुटपुटले.
कवळी बसवली, तेव्हा शब्द कळले:
"सब ठीक है. पर इसमें पानी कहाँ से आएगा?"

तर आज विहीर.
इंजेक्शनच्या सुईचं टोपण कापून काठ केलाय,
सांध्याखाली सांधा येऊ दिलेला नाही.
तळाशी वार्निशचा एक थेंब, अजून ओला.
विहिरीला तोफ लागली तर काय करायचं
ते नियमात नाही.
दोनदा पाहिलं.